आजोबांचं आपल्याला काही आहे का?

परवा वीकेंडला आईबरोबर आंबेगाव तालुक्यातल्या लोणीला, माझ्या आजोळी गेले होते. मामीच्या हातची बाजरीची भाकरी, ओट्यावर गप्पा, सगळं मस्त. निघताना मामा हळूच म्हणाला, "ताई, एक सही करशील का?" हक्कसोडपत्र!

आई गप्प. आपल्या नावावर सोडण्यासारखं काही आहे, हेच तिला माहीत नव्हतं.

पुण्यात आल्यावर महाभूलेखची साइट उघडली. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर किंवा नाव टाकायचं, सातबारा समोर! पण फक्त कब्जेदारांची नावं वाचून थांबू नका. बहिणींची नावं पूर्वी सर्रास 'इतर हक्क'मध्ये जायची. आई तिथेच सापडली! सातबाऱ्यावरच्या नंबरवरून फेरफार काढला, की वारस म्हणून कुणाकुणाची नोंद झाली तेही कळतं. आणि बँकेत १० वर्षं पडून राहिलेले पैसे? त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं २०२३ मध्ये सुरू झालेलं 'उद्गम' पोर्टल आहे.

कायदाही आईच्या बाजूनं. २००५च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. वडील तेव्हा हयात नसले तरीही, हे सुप्रीम कोर्टानं २०२०मध्ये स्पष्ट केलं.

आईनं सही केली? अजून नाही. म्हणाली, "माहेर मला हवंच आहे गं. कदाचित सोडीनही. पण काय सोडतेय, ते आधी कळू दे."