हिमबिबट्याचा व्हायरल फोटो: चौकटीबाहेर नेमकं काय घडत असतं?

जानेवारी-फेब्रुवारी आला की इन्स्टाग्रामवर एक ठरावीक फोटो फिरायला लागतो. राखाडी कडा, त्यावर भुरभुरलेला बर्फ आणि खाली कमेंट, 'यात बिबट्या कुठेय?' झूम केलं की आधी शेपूट दिसतं, मग डोळे. फोटो बहुतेक वेळा लडाखमधला असतो, नाहीतर हिमाचलच्या स्पीती खोऱ्यातल्या किब्बर गावाजवळचा. हल्ली पुण्या-मुंबईहूनही खास यासाठी लोक जातात.

पण हिवाळ्यातच का?

उन्हाळ्यात हिमबिबट्या खूप उंचावर असतो. थंडीत वरचं गवत बर्फाखाली जातं, मग भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्यामागे बिबट्याही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्याच्या मिलनाचा काळ. एरवी एकटा राहणारा हा प्राणी तेव्हा जास्त फिरतो, हाका देतो, खुणा सोडतो. थोडक्यात, फोटोग्राफरचा सीझन आणि बिबट्याच्या वर्षातले सगळ्यात कठीण व महत्त्वाचे आठवडे एकच आहेत. सगळा पेच इथून सुरू होतो.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? गावातले स्पॉटर पहाटेपासून दुर्बिणीने समोरचे कडे पिंजून काढतात. बिबट्या दिसला की पाहुणे आणि त्यांच्या जड लेन्स बर्फातून एखाद्या टोकावर नेल्या जातात. मध्ये दरी असते आणि अंतर अनेकदा अर्ध्या किलोमीटरच्या पुढे. ६०० मिलिमीटरच्या लेन्समधूनही प्राणी छोटाच दिसतो. अनेकांचा इथे हिरमोड होतो, कारण डोक्यात क्लोज-अप असतो. पण माझ्या मते तो छोटा बिबट्याच खरा फोटो आहे. तो कुठे राहतो आणि किती बेमालूम लपतो, हे त्यातच कळतं.

थंडीचे स्वतःचे त्रास असतातच. समोर सगळं पांढरं असलं की कॅमेरा गोंधळतो आणि बर्फ करडा दाखवतो, म्हणून एक्सपोजर एक-दोन स्टॉप वाढवावं लागतं. बॅटऱ्या झपाट्याने उतरतात, त्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायच्या. आणि गारठलेला कॅमेरा थेट शेगडीच्या खोलीत उघडला की लेन्सवर दव धरतं. तो बॅगेत बंद ठेवून हळूहळू गरम होऊ द्यायचा.

मग ते जवळून काढलेले, बर्फ पडताना बिबट्या थेट कॅमेऱ्याकडे बघतोय असे फोटो कुठून येतात? स्टीव्ह विंटर यांनी लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात वाटांवर कॅमेरा ट्रॅप लावले होते. प्राणी समोरून गेला की कॅमेरा आपोआप चालतो, माणूस तिथे नसतोच. अशाच एका फोटोला २००८ चा 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. दुसरा मार्ग कमी सरळ आहे. अमेरिकेत मोंटानात पाळीव हिमबिबटे पैसे घेऊन फोटोसाठी बर्फात सोडणारे व्यवसाय चालत आले आहेत. आणि तिसरा फोटोशॉपचा. २०२२ च्या अखेरीस नेपाळमधल्या शिखरांसमोर उभ्या हिमबिबट्याचे देखणे फोटो जगभर गाजले. पुढे 'आल्पाइन मॅग' या फ्रेंच नियतकालिकाने तपासलं, तर ते वेगवेगळ्या प्रतिमा जोडून केल्याचं समोर आलं.

जवळ गेलं तर बिघडतं काय?

मोठी शिकार झाली की हिमबिबट्या काही दिवस तिच्या आसपासच राहून खातो. फोटोग्राफरसाठी ही पर्वणी, आणि गर्दीही नेमकी तिथेच होते. माणसं सरकत पुढे आली की तो शिकार टाकून निघून जातो. कडाक्याच्या थंडीत कड्यावर पुन्हा शिकार करायची म्हणजे ऊर्जा तर जातेच, पडण्याचा धोकाही असतो. ड्रोन तर आणखी वाईट. २०१८ मध्ये रशियातल्या मगादान भागात बर्फाच्या उतारावरून पुनःपुन्हा घसरणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाचा व्हिडिओ आठवतोय? लोकांनी 'जिद्द असावी तर अशी' म्हणून तो शेअर केला. शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं होतं: ती मायलेकरं त्या अवघड उतारावर ड्रोनला घाबरूनच गेली असावीत.

कायदाही इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. हिमबिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे, प्राण्याला हाकणं आणि आमिष दाखवणंही त्यात येतं. अभयारण्यात प्राण्याला त्रास देण्यावर वेगळी बंदी आहे. पण कड्यावर, उणे वीस अंशांत हे बघायला कोण उभं असतं? गर्दीचा प्रश्न आपल्याकडेही आहेच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तिथे निदान गेट असतं, गाड्यांची नोंद असते. लडाखमधले बरेच हिमबिबटे संरक्षित क्षेत्राबाहेर, गावांच्या कुरणांवर फिरतात.

म्हणून हे पर्यटन बंदच करा, असं म्हणणं सोपं आहे, पण ते गावांवर अन्याय करणारं आहे. बिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत बऱ्याच मेंढ्या मारतो, आणि पूर्वी त्याचा सूडही घेतला जायचा. हेमिसमधल्या रुंबकसारख्या गावांत होमस्टे सुरू झाले, तेव्हा तोच बिबट्या हिवाळ्यातल्या कमाईचं कारण ठरला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये.

तुम्ही जाणार असाल, तर बुकिंगआधी टूरवाल्याला दोन गोष्टी विचारा. बिबट्या दिसल्यावर किती अंतरावर थांबता? आणि शिकारीजवळ एका वेळी किती जण नेता? 'शंभर टक्के दिसणारच, अगदी जवळून' असं उत्तर आलं, तर दुसरा टूरवाला शोधा. फोटो टाकताना लोकेशनमध्ये 'स्पीती' किंवा 'लडाख' एवढंच लिहा. नाल्याचं नाव टाकलंत, तर दुसऱ्या दिवशी तिथे आणखी चार गाड्या उभ्या असतील.