देवमाशाची वाट आणि मालगुजारी तलाव

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या, आणि ज्याचे सारे जलवैभव वैनगंगा, वाघ, चुलबंद, गाढवी या नद्यांत व कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांत सामावले आहे अशा गोंदिया जिल्ह्यात देवमाशाचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या भाषेने ज्याला मासा म्हटले तो प्राणी चार पायांनी जमिनीवर हिंडणाऱ्या खुरी पशूंचा वंशज आहे, आणि त्याच्या या स्थित्यंतराचे अत्यंत मोलाचे पुरावे भारतीय उपखंडाच्याच खडकांत सापडले आहेत, हे ध्यानी आले म्हणजे हा विषय परका राहत नाही.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी उत्तरेकडे सरकत आशिया खंडास भिडत असता या दोहोंमध्ये टेथिस नावाचा समुद्र आकुंचन पावत होता, आणि त्याच्या उथळ किनाऱ्यांवर काही सस्तन पशू पाण्याकडे वळत होते. कच्छमध्ये अशोक साहनी आणि मिश्र या संशोधकांनी 1970च्या दशकात प्राचीन देवमाशांचे अवशेष उजेडात आणले. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांची कथा तर मला अधिकच हृद्य वाटते. त्यांतील एका प्राण्याला त्यांनी 1971 साली ‘इंडोह्यूस’ असे नाव दिले. त्यांच्या पश्चात उरलेले दगड त्यांच्या पत्नीने जपून ठेवले, आणि पुढे ते हान्स थेविसेन या संशोधकाच्या हाती आल्यावर, इंडोह्यूसची एक कवटी साफ करताना चुकून कानाचे हाड फुटले, तेव्हा देवमाशांखेरीज सहसा कोठे न आढळणारी जाड आतली भिंत त्यात दिसून आली. 2007 साली हा शोध प्रसिद्ध झाला. मांजराएवढ्या या खुरी प्राण्याच्या पायांची हाडेही पाणघोड्यासारखी भरीव व जड, म्हणजे पाण्यात पाय टेकून वावरण्यास सोयीची होती. त्या माउलीने ते दगड अडगळ समजून टाकून दिले असते, तर वंशावळीतील हा दुवा किती काळ अज्ञात राहिला असता, कोण सांगणार?

इंडोह्यूसच्या देहाची कल्पना करू पाहणाऱ्याने आपल्या अरण्यातील पिसोरी हे इवलेसे हरीण आठवावे. पिसोरीच्या आफ्रिकेतील भावंडांत संकट येताच पाण्यात बुडी मारणारी एक जात आजही आहे. आणि जमिनीवरचा पशू पाण्याशी कसा जुळवून घेतो हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर नवेगावबांधच्या परिसरात वावरणारे पाणमांजर पाहावे. ते देवमाशाचे पूर्वज नव्हे, त्याचे कुळ मांसाहारी प्राण्यांचे. परंतु बोटांमधील पडदा, चपटे शेपूट, बुडी मारताना मिटणाऱ्या नाकपुड्या या खुणा त्या जुन्या वाटेच्याच आहेत. पिले मात्र ते काठावरच्या बिळात घालते, म्हणून जमीन त्याला सोडता येत नाही. देवमाशांनी सुमारे 1 कोटी वर्षांच्या आत तेही बंधन तोडले.

काठ हाच पाणमांजराचा जीव आहे, आणि माझी तक्रार येथेच आहे. येथील तलाव पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात होते. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, हे तलाव सरकारजमा झाले. जुन्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रिवाजांच्या नोंदीत, पाण्याचे हक्क, निस्तार म्हणजे गावकऱ्यांचे सामाईक वापराचे हक्क, वहिवाट नमूद असे, पाणमांजराची नोंद मात्र त्यांत नसे. गाळ काढण्याच्या कामात काठ एकसारखा खरवडून घेतला की देवधान हा रानभात जातो, झुडपे जातात आणि बिळेही जातात. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची जाळी पाणमांजर फाडते, मासळी खाते, हे खरे आहे, आणि त्यांच्या नुकसानीचा विचार व्हावयासच हवा. परंतु त्यासाठी काठ उजाड करण्याचे काही कारण नाही.

म्हणून जिल्हा परिषदेच्या अंमलदारांना माझी विनंती आहे की, प्रत्येक माजी मालगुजारी तलावाच्या गाळकामाच्या आदेशात, काम सुरू होण्यापूर्वी काठाची पाहणी करावी आणि बिळे असलेला भाग झाडोऱ्यासह जसाच्या तसा सोडावा, असे एक कलम या उन्हाळ्यापासूनच घालावे.