‘केमिकल’च्या गोळीला नावे ठेवण्यापूर्वी

परवा एक ऊसतोड कामगार खोकत दवाखान्यात आला. वर्षापूर्वी त्याला क्षयरोग झाला होता. सरकारी केंद्रातून मोफत औषधे सुरू झाली, दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले आणि त्याने गोळ्या सोडल्या. का, असे विचारले तर म्हणाला, “डॉक्टरसाहेब, बरं वाटत होतं. मग केमिकलच्या गोळ्या कशाला खायच्या? अंगात उष्णता वाढते.” आता तपासणीत कळले, की त्याच्या छातीतले जंतू आयसोनियाझिड या औषधाला दाद देत नाहीत.

‘केमिकल’ हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरतात. म्हणून या गोळीची कुळकथा सांगतो.

आयसोनियाझिडच्या गाभ्यात सहा अणूंचे एक कडे असते. पाच अणू कार्बनचे, एक नत्राचा. शेतकरी युरियातून पिकाला देतात तेच हे नत्र. या कड्याचे नाव पिरिडिन. पूर्वी असे पदार्थ दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळे काढत. पुढे ॲसिटाल्डिहाइड आणि अमोनिया यांच्या वाफा तापलेल्या उत्प्रेरकावरून सोडून हे कडे कारखान्यात जुळवता येऊ लागले. त्यातून पिकोलिन, पिकोलिनपासून आयसोनिकोटिनिक आम्ल, आणि त्याला हायड्राझिनची जोड दिली की औषध तयार! आपल्या देशात ॲसिटाल्डिहाइड उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलपासूनही बनवतात. म्हणजे माझा रुग्ण ज्या पिकावर कोयता चालवतो, त्याच पिकापासून त्याची गोळी बनू शकते.

हान्स मायर आणि योसेफ माली यांनी प्रागमध्ये हा पदार्थ १९१२ सालीच बनवला होता. पण तो क्षयाच्या जंतूंना मारतो हे कळायला १९५२ साल उजाडले. पदार्थ जुना, म्हणून त्यावर कुणा कंपनीला पेटंटचा हक्क सांगता आला नाही. गोळी स्वस्त राहिली.

आता ‘नैसर्गिक ते चांगले’ या समजाविषयी. तंबाखूतल्या निकोटीनमध्येही हेच पिरिडिनचे कडे आहे, आणि ते शंभर टक्के नैसर्गिक आहे! आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून आम्ही ब-६ जीवनसत्त्व देतो. त्यातही तेच कडे. तेव्हा पदार्थ शेतात तयार झाला की कारखान्यात, हे पाहू नये. तो शरीरात काय करतो, हे पाहावे.

आयसोनियाझिड झपाट्याने वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांतच मारते. म्हणून लवकर बरे वाटते. पण सुस्त पडलेले जंतू मागे उरतात. त्यांच्यासाठी इतर औषधांसह सहा महिन्यांचा पूर्ण कोर्स लागतो. अर्धवट सोडला, की औषधाला न जुमानणारे जंतू माजतात.

या रुग्णाला केंद्रात मीच पाठवले होते. ‘सहा महिने घे’ एवढे सांगितले, ‘का’ ते सांगितले नाही. ती पाच मिनिटे मी वाचवली. आता त्याला वेगळ्या औषधांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार आहे.

वाचकहो, घरात कुणाची क्षयाची औषधे चालू असतील तर दारू कटाक्षाने टाळा. उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि कामासाठी गाव सोडायचे असेल तर आधी केंद्रात सांगा, तिथल्या औषधांची सोय होते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.