पाणी सुटेपर्यंत मासे काय करतात?

बेळगावात चार मित्र जमले आणि जोडून सुट्टी आली की दांडेलीचा विषय निघतोच. गेल्या हिवाळ्यात आम्हीही गेलो, सोबत आठवीतला भाचा. गणेशगुडीला काळी नदीत राफ्टिंग करायचं होतं. काठावर पोचलो तर गाइड म्हणाला, "थांबा, अजून पाणी सोडलेलं नाही." तासाभराने नदी चढली, बोटी निघाल्या, धमाल आली. परतताना भाच्याने विचारलं, "मामा, पाणी सुटेपर्यंत आपण चहा पीत बसलो. मासे काय करत होते?"

उत्तर येईना, म्हणून घरी येऊन वाचत बसलो.

गणेशगुडीच्या वर सुपा धरण आहे. त्याचं 100 मेगावॉटचं वीजघर चालू झालं की नदी चढते, बंद झालं की उतरते. पुढे बोम्मनहळ्ळीच्या धरणातून पाणी बोगद्याने नागझरीच्या वीजघराकडे वळवलं जातं. मधल्या पात्राला धरणातून सुटेल आणि ओढे आणतील तेवढंच पाणी. नदी झपाट्याने उतरली की माशांची पिल्लं काठच्या डबक्यांत अडकतात, उथळ जागची अंडी उघडी पडतात. अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट तर धरणच अडवतं.

मग किती पाणी पुरे? 1976 मध्ये डोनाल्ड टेनंट या अमेरिकी अभ्यासकाने मासे आणि नदीवरची करमणूक दोन्ही धरून एक हिशेब मांडला. वार्षिक सरासरी प्रवाहाच्या 10 टक्के पाण्यात मासे जेमतेम तग धरतात, 30 टक्क्यांत बरे राहतात, 60 टक्क्यांच्या पुढे उत्तम. आपल्या नद्यांचं बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतं, त्यामुळे वर्षाची सरासरी इथे जशीच्या तशी चालत नाही. 2018 मध्ये केंद्राने वरच्या गंगेसाठी नियम केला तो ऋतूनुसार: नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, जून ते सप्टेंबर 30 टक्के आणि उरलेल्या महिन्यांत 25 टक्के.

पण सरासरी कशी फसवते हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. महिन्याचा रिपोर्ट हिरवागार दिसतो आणि नेमकी पगाराच्या दिवशी साइट दोन तास बंद पडलेली असते. लोकांच्या लक्षात ते दोन तासच राहतात. मासाही सरासरीवर जगत नाही. दिवसाचा हिशेब जुळला, पण मधले चार तास पात्र उघडं पडलं, तर पिल्लं त्या चार तासांतच मरतात.

म्हणून नदीची तपासणी करायची तर सर्वांत कमी पाण्याच्या तासाला करायला हवी, तीही प्रत्येक धरणाच्या खाली आणि अंडी घालण्याच्या महिन्यांत. आपली बोट मजेत चालली म्हणजे नदी ठीक आहे असं नाही. आपण तर पाणी सुटल्यावरच उतरतो. वीज मलाही हवी आहे, हा लेखही तिच्यावरच टाइप होतोय. पण वीजघर बंद असतानाही थोडं पाणी वाहतं ठेवणं, आणि ते एकदम न उतरवता हळूहळू उतरवणं, एवढं तर मागता येईल.

पुढच्या ट्रिपला गाइडला "पाणी कधी सुटणार?" हे विचारालच. "बंद असताना किती उरतं?" हेही विचारा. भाच्याने तर वहीत लिहून ठेवलंय.