मशेरीची डबी किती जुनी?

छत्रपती संभाजीनगरहून एका भगिनीचं पत्र आलंय. तिला सहावा महिना चालू आहे. सुरुवातीला फार मळमळायचं, म्हणून सासूबाईंनी मशेरीची डबी हाती दिली. "आपल्यात हे पूर्वापार आहे, ऋषिमुनींच्या काळापासून," असं त्या म्हणतात. आता दिवसातून तीनदा लावल्यावाचून हिला चैन पडत नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवत नाही आणि बाळाची काळजीही वाटते.

अगं, आधी त्या 'पूर्वापार'चंच बघू या. तंबाखूचं रोप मूळचं अमेरिका खंडातलं. तिथल्या यूटाच्या वाळवंटात एका जुन्या चुलीत रानतंबाखूचे चार जळके दाणे सापडले, सोबत बदकांची हाडं. ही चूल १२,३०० वर्षांपूर्वीची! तेव्हा नाद जुना खरा, पण तो तिथला. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला तोवर आपल्याकडे कुणाला ते पान ठाऊकही नव्हतं. तुझ्या गावाजवळची अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली तेव्हा कुठली आलीय मशेरी? चरकसंहितेत धूमपान आहे, पण ते औषधी वनस्पतींचं.

आपल्याकडे तंबाखू आणली पोर्तुगीजांनी. मिरची, बटाटा, पेरू यांच्या सोबतीनं. (मिरचीबद्दल आपली तक्रार नाही हं!) १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा माणूस असद बेग विजापूरला गेला होता. तिथे मिळालेली तंबाखू त्याने नवलाची वस्तू म्हणून रत्नजडित नळीसह बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. ज्या वस्तूबद्दल वैद्यांनी काही लिहिलेलंच नाही, तिचा गुण आम्ही काय सांगावा, असं त्याचं म्हणणं. दरबारी मंडळींनी मात्र ती उचलली. १६१७ मध्ये जहांगीरने मनाई केली, तरी तंबाखू पसरतच राहिली. मलिक अंबरने तुझं शहर, तेव्हाचं खडकी, वसवलं १६१० मध्ये. म्हणजे तुझं शहर नि दख्खनमधली तंबाखू जवळजवळ एका वयाची!

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून तिचं निकोटिन रक्तात जातं, तिथून बाळापर्यंत. बाळ कमी वजनाचं होणं, दिवस भरण्याआधी बाळंतपण, हे धोके त्यानं वाढतात. तुला तोंडाच्या कर्करोगाची भीती, ती वेगळीच. आणि मळमळ? निकोटिनानं ती उलट वाढतेसुद्धा.

तेव्हा आजच डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांग, लाजू नकोस. सहाव्या महिन्यात सोडलीस तरी बाळाचा फायदाच आहे. १८००-११२-३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडायला फुकट सल्ला मिळतो. तलफ आली की चूळ भर, चिमूटभर बडीशेप चघळ. घरात मशेरी भाजत असतील तेव्हा त्या धुरात थांबू नकोस.

सासूबाईंशी वाद घालू नकोस बरं. दुपारी गहू निवडताना अकबराच्या हकिमाची गोष्ट सांग. आणि मशेरीचा तवा पोळ्यांच्या तव्यापासून आजच वेगळा कर.