सप्ताहाचा पाठ : ज्यू बालकांची पाठशाळा

रविवारी पाठशाळा भरते. मुले णमोकार मंत्र म्हणतात, चोवीस तीर्थंकरांची नावे आणि लांछने पाठ करतात, प्रभावनेचा खाऊ घेऊन घरी परततात आणि पाठशाळेची वही पुढच्या रविवारपर्यंत कोपऱ्यात पडून राहते. संघात चार पालक एकत्र आले की ही खंत हमखास निघते. आठवड्यातील एका तासाने संस्कार होतात का, आणि होत असतील तर ते टिकतात का, हा प्रश्न केवळ जैन समाजाचा नाही. संख्येने अल्प, व्यापारात मुरलेला आणि देशोदेशी पांगलेला ज्यू समाज शेकडो वर्षे याच प्रश्नाला सामोरा जात आला आहे. अँटवर्पच्या हिरेबाजारात पालनपुरी जैन आणि ज्यू व्यापारी वर्षानुवर्षे शेजारी बसून व्यवहार करतात. त्या शेजाऱ्याच्या घरातील पाच-सहा वर्षांचे मूल आठवडाभर काय शिकते, हे पाहण्यासारखे आहे.

ज्यू धर्माचा मूळ ग्रंथ म्हणजे तोरा. त्याचे पाच खंड आहेत आणि त्या खंडांचे वाचनासाठी एकूण चोपन्न भाग पाडलेले आहेत. अशा एका भागाला ‘पाराशा’ म्हणतात. दर शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये एक भाग वाचला जातो. वर्षातील शनिवार कमी पडले तर काही आठवड्यांत दोन भाग जोडून घेतात. सर्व भाग संपले की ‘सिमहात तोरा’ या सणाला शेवटचा भाग वाचून लगेच, त्याच दिवशी, पहिल्या भागाला आरंभ होतो. ग्रंथ संपला आणि बासनात गेला, असे कधी घडत नाही. या क्रमामुळे मुंबईतील, लंडनमधील आणि न्यूयॉर्कमधील ज्यू बालक एका आठवड्यात बहुधा एकच कथा ऐकत असते. कुटुंब एका शहरातून दुसऱ्या शहरात गेले तरी मुलाचा पाठ तुटत नाही. त्याच त्या भागातून ते मूल पाचव्या वर्षी गोष्ट घेते, दहाव्या वर्षी अर्थ घेते आणि चाळिसाव्या वर्षी शंका घेऊन पुन्हा तेथेच येते.

लहान मुलांच्या धार्मिक शाळेतील आठवडाही या भागाभोवतीच फिरतो. आठवड्याच्या आरंभी शिक्षिका त्या भागातील कथा सांगते. कधी नोहाचे जहाज, तर कधी तळपत्या उन्हात तंबूच्या दाराशी बसून वाटसरूंची वाट पाहणारा अब्राहाम. पुढील दिवसांत तीच कथा चित्रांतून, मातीकामातून, गाण्यातून पुन्हा येते. सोबत बावीस हिब्रू अक्षरे, भाकरीपूर्वी आणि फळापूर्वी म्हणायचे आशीर्वचन, सकाळी उठल्यावरची कृतज्ञतेची प्रार्थना, असे थोडे थोडे शिकवले जाते. शुक्रवारी वर्गातच शब्बाथची रंगीत तालीम होते. एक मुलगी आई होते, एक मुलगा बाबा होतो. मेजावर पांढरे वस्त्र, दोन मेणबत्त्या, वेणीसारखा वळलेला पाव आणि द्राक्षरस मांडला जातो. त्याआधी प्रत्येक मूल घरून आणलेले एक नाणे डब्यात टाकते. या दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे गरजूला देणे हा उपकार नसून ते त्याचे त्याला पोचवणे आहे, हा भाव मुलाला नाण्याच्या आवाजासोबत मिळतो.

शाळा सुटताना मुलाच्या हातात एक कागद असतो. त्यावर त्या आठवड्याच्या भागाचा सारांश आणि काही प्रश्न असतात. हे प्रश्न शाळेत परत द्यायचे नसतात. शुक्रवारी रात्री जेवणाच्या मेजावर घरच्यांनी मुलाला विचारायचे असतात. सूर्यास्तापूर्वी शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत चालतो. परंपरा पाळणाऱ्या घरांत त्या काळात दुकान बंद, पैशाला स्पर्श नाही, फोन बाजूला. सहा दिवस गल्ल्यावर असणारा बाप त्या रात्री मेजावर असतो आणि त्याला उठण्याची घाई नसते. शाळेचा पाठ घरात उतरतो तो या मोकळ्या वेळामुळे.

अक्षरारंभाच्या जुन्या रीतीही हृद्य आहेत. मध्ययुगीन युरोपात पाटीवरील अक्षरांना मध लावून तो बालकाला चाटायला देत, जेणेकरून विद्येची पहिली आठवण गोड राहावी. पूर्व युरोपातील ‘खेदेर’ म्हणजे लहान मुलांच्या पाठशाळेत पहिल्या दिवशी मुलाच्या पुस्तकावर वरून हळूच नाणे किंवा मिठाई टाकत आणि देवदूताने टाकली, असे सांगत. प्रभावनेचा खाऊ घेऊन बाहेर पडणाऱ्या जैन बालकाला ही रीत परकी वाटणार नाही. धर्मग्रंथ हातून खाली पडला तर ज्यू मूल तो उचलून त्याचे चुंबन घेते. जीर्ण झालेली, ईश्वराचे नाव असलेली पाने रद्दीत जात नाहीत, ती जपून ठेवून पुढे जमिनीत पुरली जातात. ज्ञानाची आशातना होऊ नये म्हणून पोथी जमिनीवर न ठेवणाऱ्या, ज्ञानपंचमीला वा श्रुतपंचमीला ग्रंथांचे पूजन करणाऱ्या समाजाला हा आदर सहज समजेल.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. तालमूद या ग्रंथात तिचा वृत्तांत आहे. पूर्वी बापाने मुलाला शिकवावे असा नियम होता. त्यामुळे ज्याला बाप नाही, तो शिक्षणाविना राहत असे. म्हणून प्रथम जेरुसलेममध्ये शिक्षक नेमले. तरीही ज्यांना तेथे नेणारे कोणी नव्हते, ती मुले वंचितच राहिली. मग प्रांताप्रांतांत शिक्षक नेमले आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तेथे धाडले. पण त्या वयाचा मुलगा शिक्षक रागावला की उठून निघून जाई. अखेर येहोशुआ बेन गाम्ला या प्रधान याजकाने गावोगावी शिक्षक नेमावेत आणि सहा-सात वर्षांच्या वयातच मुलांना बसवावे, अशी व्यवस्था केली. एका शिक्षकाकडे पंचवीस मुले, चाळीस झाली तर एक मदतनीस आणि पन्नास झाली तर दोन शिक्षक, असे प्रमाणही तालमूदमध्ये दिले आहे. कोणत्या वयात आरंभ करावा आणि निराधार मुलाचे काय, हे दोन्ही प्रश्न त्या समाजाने सामुदायिक जबाबदारी म्हणून सोडवले, ही यातील महत्त्वाची गोष्ट.

मात्र शिक्षक नेमले म्हणून घर मोकळे झाले नाही. जेरुसलेम तालमूदमध्ये रब्बी येहोशुआ बेन लेवी यांची एक आठवण आहे. दर शुक्रवारी नातवाकडून त्याचा आठवड्याचा पाठ ऐकण्याचा त्यांचा नेम होता. एकदा विसर पडला आणि ते शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून तिबेरियाच्या स्नानगृहात गेले. आत गेल्यावर आठवण झाली. ते तसेच माघारी निघाले. आरंभलेले मध्येच सोडू नये असे आपणच शिकवले होते ना, असे शिष्याने विचारले. नातवाचा पाठ ऐकणे म्हणजे सिनाई पर्वतावरून तो प्रत्यक्ष ऐकण्यासारखे आहे, अशा आशयाचे उत्तर त्या वृद्ध विद्वानाने दिले. पुढे पूर्व युरोपातील घरांत शनिवारी दुपारी बाप किंवा आजोबा मुलाला आठवड्याचा पाठ विचारीत असत. आजोबा आपले म्हणणे ऐकण्यासाठी थांबले आहेत, ही जाणीवच मुलाच्या दृष्टीने पाठाचे मोल ठरवते.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. फिलाडेल्फियातील एका व्यापारी घराण्यातील रिबेका ग्रॅट्झ यांनी 1838 साली रविवारची हिब्रू शाळा सुरू केली. ज्यू मुले सर्वसामान्य शाळांत जात होती, भोवताली ख्रिस्ती रविवारशाळांचे मोठे जाळे होते आणि स्वधर्माचे शिक्षण मात्र श्रीमंतांच्या घरी येणाऱ्या शिक्षकांपुरते उरले होते. ग्रॅट्झ यांनी शेजाऱ्यांचीच पद्धत स्वीकारली आणि मजकूर आपला घातला. शिकवणाऱ्या सर्व स्त्रिया, त्याही वेतन न घेता. मुले आणि मुली एकत्र. आरंभी स्वतःची पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून ख्रिस्ती शाळांची पुस्तके घेऊन त्यांतील न पटणाऱ्या मजकुरावर कागद चिकटवले जात. साधने अपुरी म्हणून आरंभ लांबणीवर टाकला नाही. स्वतः अविवाहित राहून दिवंगत बहिणीची मुले वाढवणाऱ्या या बाईंनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ ती शाळा सांभाळली. शिक्षण देणाऱ्या स्त्रियांना समाजात स्थान मिळाले, हा त्या शाळेचा दुसरा लाभ.

महाराष्ट्रालाही ही परंपरा अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. ग्रंथ हाताशी नसतानाही आठवड्याच्या एका विरामाने त्यांची ओळख राखली. पुढे हा समाज मुंबईत आला. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने तेथे इस्राएली शाळा सुरू झाली. तीच पुढे सर एली कदुरी शाळा म्हणून ओळखली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचे ‘हग्गादा’ हे पुस्तक 1846 साली मुंबईत मराठी अर्थासह छापले गेले. त्या रात्रीचे कथन घरातील सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी सुरू होते : आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून वडीलधारे पूर्वजांची सारी कथा सांगतात. लहान मुलाने प्रश्न विचारणे हे येथे उद्धटपणाचे लक्षण नसून विधीचे अंग आहे.

दोन्ही धर्मांतील भेद अर्थातच मोठे आहेत. ज्यू धर्म जगाचा एक कर्ता मानतो. आहाराचे कडक नियम असले तरी मांसाहार त्याला वर्ज्य नाही. परंपरेनुसार लहान मुलांच्या अध्ययनाचा आरंभ ज्या ग्रंथाने होई, त्यात यज्ञबलींचे विधी आहेत. इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडल्यापासून ते विधी थांबले. अहिंसेच्या सूक्ष्म विचारात वाढलेल्या जैन वाचकाला हे अंतर जाणवल्यावाचून राहणार नाही. तथापि मुक्या प्राण्याला विनाकारण वेदना देऊ नये, आणि स्वतः जेवण्यापूर्वी पाळलेल्या जनावराला घालावे, हे नियमही त्याच शाळेत मुले शिकतात. भेद लक्षात ठेवूनही पद्धतीकडून घेण्यासारखे बरेच उरते.

पद्धतीचे दोषही लपवण्याचे कारण नाही. मुलगा तेरा वर्षांचा झाला की ‘बार मित्स्वा’ हा संस्कार होतो. त्यानंतर अनेक मुले शाळेकडे फिरकत नाहीत, अशी तक्रार अमेरिकेतील ज्यू शिक्षक वारंवार करतात. संस्कारसमारंभ हेच ध्येय ठरले की समारंभ संपताच अध्ययनही संपते. शाळेत शिकवलेला शब्बाथ घरात कोणी पाळत नसेल तर मुलाला तो एक विषय वाटतो, जगण्याची रीत वाटत नाही. पाठांतर झाले, स्पर्धेत बक्षीस मिळाले, नाव पुकारले गेले आणि पाठशाळा सुटली, हा अनुभव जैन संघांनाही अगदी नवा नसावा.

व्यापारी घराला तर ही कसोटी अधिक कठीण आहे. तोरेच्या वार्षिक वाचनात एक भाग असा येतो, ज्यात पिशवीत दोन प्रकारची वजने, घेण्याचे मोठे आणि देण्याचे लहान, ठेवू नयेत असा आदेश आहे. मृत्यूनंतर माणसाला पहिला प्रश्न देवाणघेवाण प्रामाणिकपणे केलीस का, हा विचारला जातो, असे तालमूद मानतो. जैन श्रावकाच्या अचौर्याणुव्रतातही ‘हीनाधिक मानोन्मान’ हा अतिचार सांगितलेला आहे आणि त्याचा अर्थ हाच. सहा वर्षांचे मूल हा पाठ शिकून घरी येते आणि त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन बसते. तेथे तराजू, बिल आणि ग्राहकाशी होणारे बोलणे ते पाहते. पाठशाळेतील बाईंनी सांगितलेले खरे की काकांनी केलेले खरे, हे ते मनाशी ठरवते आणि बहुधा कोणाला सांगत नाही.

म्हणून पाठशाळेसाठी वर्गणी देऊन पालकांचे कर्तव्य संपत नाही. सर्व वर्गांना आठवड्याचा एकच पाठ ठरवणे, त्याचा अर्धे पान सारांश व तीन प्रश्न घरी पाठवणे, आणि आठवड्यातून एकदा, चौविहारानंतरच्या निवांत वेळी, आजी-आजोबांनी वा वडिलांनी फोन दूर ठेवून तो पाठ मुलाकडून ऐकणे, एवढे कोणत्याही लहान संघाला करता येईल. एका सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. हा पाठ ऐकायला त्याच्या पाव भागाइतकाही वेळ पुरे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ते महाराजसाहेबांना किंवा पंडितजींना विचारून पुढच्या आठवड्यात सांगावे. त्यातून मोठी माणसेही शिकतात, हे मुलाला दिसते.

मिश्ना या ज्यू ग्रंथात दुकानदारासाठी एक साधा नियम आहे. वजनांवर चिकटलेल्या मळाने तोल चुकतो, म्हणून किरकोळ दुकानदाराने आपली वजने आठवड्यातून एकदा पुसून स्वच्छ करावीत आणि तराजूची पारडी मात्र प्रत्येक वेळी तोलताना पुसावीत. वजन खोटे नसले तरी वापराने त्यावर थर साचतो, हे त्या नियमामागील व्यवहारज्ञान आहे. आठवड्याचा पाठ घरात मोठ्याने म्हटला जातो तेव्हा तो एकट्या मुलाचा राहत नाही. ऐकणाऱ्यांच्या वजनांवरील मळही त्यासोबत पुसला जातो.