'पासून'चा घोळ

कॅम्पस इंटरव्ह्यूचे दिवस आले की होस्टेलवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'आय ॲम लर्निंग जावा सिन्स सिक्स मन्थ्स.' लगेच कुणीतरी फिदीफिदी हसतं. बोलणारा गप्प होतो आणि मग ग्रुप डिस्कशनमध्ये तोंडच उघडत नाही! माझा आक्षेप त्या वाक्यापेक्षा या हसण्याला आहे.

कारण ही चूक अडाणीपणातून नाही, मराठीतून येते. 'मी सहा महिन्यांपासून जावा शिकतोय' यात आपल्याला चालू वर्तमानकाळ पुरतो. शिवाय 'सोमवारपासून' आणि 'सहा महिन्यांपासून', दोन्हीकडे एकच 'पासून' चालतो. इंग्रजीत तसं नाही. आधी सुरू झालेलं काम अजून चालू असेल तर 'हॅव बीन लर्निंग'. सुरुवात सांगायची तर 'सिन्स मंडे', कालावधी सांगायचा तर 'फॉर सिक्स मन्थ्स'. गंमत म्हणजे जर्मन भाषाही आपल्यासारखीच! तिथेही साधा वर्तमानकाळ आणि दोन्हींसाठी एकच शब्द, 'झाइट'. त्यामुळे जर्मन माणूसही इंग्रजी शिकताना इथेच अडखळतो. त्याला कुणी गावंढळ म्हणत नाही.

म्हणून चूक तशीच चालू द्यावी, असं मात्र नाही. 'आय हॅव रिटन द प्रोग्रॅम' म्हणजे प्रोग्रॅम लिहून झाला. 'आय हॅव बीन रायटिंग द प्रोग्रॅम' म्हटलं की काम अजून चालू आहे असंच समोरचा समजणार. प्रोजेक्टच्या व्हायव्हाला हा फरक महागात पडू शकतो!

शाळेत आपण 'हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी' हा फॉर्म्युला घोकला. पण नुसते फॉर्म्युले घोकून कुणाला इंटिग्रेशन आलंय का? गणितं सोडवावीच लागतात. मग इथेही तेच करू. रोज मेसमध्ये दोघांनी एकमेकांना विचारायचं, 'व्हॉट हॅव यू बीन डूइंग ऑल डे?' आणि पाच खरी उत्तरं द्यायची. 'नो'सारखी क्रियापदं तेवढी सांभाळायची. तिथे 'आय हॅव नोन हिम फॉर टू इयर्स' एवढंच, आयएनजी नाही. कुणी चुकलं तर बरोबर वाक्य म्हणून दाखवायचं आणि पुढे जायचं.

व्याकरण महिनाभरात सुधारेल. पण हसण्याच्या भीतीने एकदा मिटलेलं तोंड चार वर्षांत उघडत नाही. तेव्हा सुधारणा आधी ऐकणाऱ्यांनी करावी, बोलणारे आपोआप सुधारतील.